मद्यमुक्तीसाठी सहायक गटांच्या सभा : स्वरूप, शोध आणि सहभाग
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
काही वर्षांपूर्वी तासिका संपल्यावर एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, वडिलांची दारू सुटावी यासाठी कुठे न्यावे?" त्या वेळी नेमके उत्तर देता आले नाही. असा प्रश्न बहुतेक प्राध्यापकांसमोर केव्हा ना केव्हा येतो. म्हणून मद्यमुक्तीसाठी भरणाऱ्या सभांचे स्वरूप, त्या शोधण्याचे मार्ग व सहभागातील अडचणी यांचे विवेचन या लेखात केले आहे.

समस्येची व्याप्ती :
केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्यसेवन करतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचेही त्यात नमूद आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यास दारूबंदीच्या लोकचळवळीची परंपरा आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली दारूभट्ट्या बंद झाल्या. आदर्श गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिवरे बाजारनेही नशाबंदी स्वीकारली. तरीही याच जिल्ह्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये विषारी दारूने अनेकांचे प्राण घेतले. दारूबंदीमुळे दारूची उपलब्धता कमी होते. परंतु दारूवर अवलंबून असलेल्या व्यक्तीची ओढ दुकानाबरोबर बंद होत नाही. त्या व्यक्तीस रोजचा आधार लागतो आणि सहायक गटाचे कार्य तेथे सुरू होते.

संकल्पना व विकास :
आपल्याकडे 'स्वयंसहायता गट' म्हटले की महिलांचा बचत गट डोळ्यांसमोर येतो. येथे अभिप्रेत असलेला गट वेगळा आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकत्र आले. दोघेही मद्यासक्त होते. एका मद्यासक्ताने दुसऱ्याशी मनमोकळेपणे बोलल्यास दोघांनाही दारूपासून दूर राहता येते, या अनुभवातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' (एए) ही संघटना उभी राहिली. भारतात तिचे कार्य १९५७ च्या सुमारास सुरू झाले. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' हे स्वतंत्र गट आहेत. महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. तेथे उपचारांनंतरच्या पाठपुराव्यास महत्त्व दिले जाते.

सभेचे स्वरूप :
सभा साधारणतः तास-दीड तास चालते. शाळेची खोली, चर्चचे सभागृह, रुग्णालयाचा कक्ष अशा साध्या जागी ती भरते. सदस्य केवळ पहिले नाव सांगतात व आपला अनुभव कथन करतात. मध्येच कोणी उपदेश करीत नाही. नवागताने बोललेच पाहिजे असे बंधन नसते. ऐकून परत गेले तरी चालते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. शुल्क नसते, सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर खर्च भागतो. 'खुल्या' सभेस कुटुंबीय, विद्यार्थी वा अभ्यासक येऊ शकतात, तर 'बंद' सभा केवळ दारूची समस्या असलेल्यांसाठी असते. सोबत जाणाऱ्याने हा भेद आधी जाणून घ्यावा.

सभा शोधण्याचे मार्ग :
१) एए संघटनेच्या संकेतस्थळावर वा दूरध्वनीवर जवळच्या सभेचा वार, वेळ व भाषा विचारावी.
२) जिल्हा रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्राकडे चौकशी करावी.
३) १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर मार्गदर्शन घ्यावे.
४) प्रवास शक्य नसल्यास ऑनलाइन सभेचा पर्याय विचारात घ्यावा.

निघण्यापूर्वी सभा त्या दिवशी निश्चित भरणार आहे का, हे दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. मोठे धाडस करून आलेल्या माणसास कुलूपबंद खोली दिसली, तर तो पुन्हा येईलच असे नाही.

अडचणी व मर्यादा :
क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोले वा जामखेड तालुक्यातील माणसास शहरातील सायंकाळची सभा संपवून परतीची एस.टी. मिळणे कठीण असते. दुसरी अडचण ओळखीची. लहान गावात 'अमक्याचा मुलगा तिथे दिसला' ही वार्ता लपत नाही, म्हणून काही जण मुद्दाम दूरच्या तालुक्यातील सभेस जाणे पसंत करतात. स्त्रियांना हा संकोच अधिकच जाणवतो.

सभा हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे परिणाम संभवतात. त्यामुळे प्रथम डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार करण्यात आला. रुग्णास एएशी पद्धतशीरपणे जोडून देणारे कार्यक्रम अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारपद्धतींपेक्षा अधिक परिणामकारक आढळले. येथे 'जोडून देणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ पत्ता हाती देणे पुरेसे नाही.

समारोप :
प्राध्यापकाने समुपदेशक होण्याची अपेक्षा नाही. तथापि, जवळच्या दोन सभांचे वार व वेळा त्यास ठाऊक असाव्यात. प्रश्न विचारणाऱ्याची गोष्ट त्याने स्टाफरूममध्ये नेऊ नये. शक्य असल्यास पहिल्या खुल्या सभेस सोबत जावे. महाविद्यालयाने सायंकाळी रिकामी असलेली एखादी वर्गखोली गटास देऊ केली, तर तालुक्याच्या ठिकाणीच सभा उभी राहू शकेल. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आज एवढे उत्तर निश्चितच देता येते : "वडिलांना आधी डॉक्टरांना दाखवू, मग सभेला आपण बरोबर जाऊ."