इंजिनात पाणी शिरले कोठून?

सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावात विहिरीवर धडधडणारे ऑइल इंजिन एकेकाळी सर्वांच्या परिचयाचे होते. थंडीच्या सकाळी ते सुरू केले की धुराच्या नळीतून पांढरी वाफ निघे आणि पाहणारा एखादा जाणकार म्हणे, "हेडमध्ये पाणी उतरलंय!" खरोखरच उतरलेले असे का? आणि असले, तर ते आले कोठून? हाच प्रश्न आपल्याच जिल्ह्यात उजनी जलाशयावर बोट चालवणाऱ्याला पडतो आणि कोकणातल्या मच्छिमारालाही. विहिरीवरचे इंजिन अडले तर एका दिवसाचे पाणी चुकते. भर पाण्यात बोटीचे इंजिन अडले, तर माणसांच्या जिवावर बेतते.

सिलिंडरमधल्या पाण्याला एवढे का भ्यायचे? थोडे गणित करू. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ११० मिलिमीटर धरा. पिस्टन खालून वर येताना सुमारे ५५३ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. आतली हवा साडेसतरा पट दाबली जात असेल, तर पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर जेमतेम ३४ घन सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे अर्धा कप चहासुद्धा त्यात मावणार नाही. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. वातावरणाच्या शंभर पट दाब दिला तरी पाण्याचे आकारमान अर्ध्या टक्क्यानेही घटत नाही. उरलेल्या जागेपेक्षा जास्त पाणी आत असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वाटेतच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहिला नियम असा : शंका आली की स्टार्टर मारायचा नाही.

आता त्या पांढऱ्या वाफेकडे वळू. डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे असलेले इंधन आहे. ते जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. हिशेब केला तर एक लिटर डिझेलपासून सुमारे एक लिटर पाणी तयार होते! गार नळीत या वाफेचे बारीक थेंब होतात आणि ते आपल्याला पांढरे दिसतात. निरोगी इंजिनातूनही थंडीत वाफ निघतेच. तेव्हा वाफ दिसणे हा पुरावा नव्हे. इंजिन चांगले तापल्यावरही ती दाट राहिली आणि थंड करणारे पाणी रोज कमी होऊ लागले, तर मात्र संशयाला जागा आहे.

पाणी शिरण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली वरून : हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फाटलेले असते किंवा हेडला तडा गेलेला असतो. दुसरी शेपटाकडून, म्हणजे धुराच्या नळीतून. ट्रॅक्टरच्या उभ्या नळीवर पावसाळ्यात डबा उपडा घालतात तो याचसाठी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. त्या काळात उभ्या राहिलेल्या बोटीतही नळी उघडी असेल तर पाऊस असाच आत उतरतो. शिवाय अनेक बोटींमध्ये धूर गार करण्यासाठी त्यात बाहेरचे पाणी मिसळतात. इंजिन चालू असताना धुराचा जोर हे पाणी बाहेर फेकतो. पण इंजिन पेट घेत नाही आणि आपण स्टार्टर मारतच राहिलो, तर पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरकडे येते. इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसवलेले असेल, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने थांबलेल्या इंजिनातही पाणी येत राहते.

मग वाट ओळखायची कशी? प्रथम सर्व नोझल काढावेत आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवावे. तोंड मात्र भोकांपासून दूर ठेवावे. पाणी कोणत्या सिलिंडरमधून उडते ते पाहावे. एकाच किंवा शेजारच्या दोन सिलिंडरमधून आले, तर गॅस्केटचा संशय बळावतो. अनेक सिलिंडरमध्ये आढळले, तर धुराच्या नळीकडे पाहावे.

नंतर पाण्याची ओळख पटवावी. समुद्रातल्या बोटीत इंजिनाभोवती पुष्कळदा गोडे पाणी फिरते आणि ते समुद्राच्या पाण्याने गार होते. सिलिंडरमधल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. दाट पांढरा साका आला, तर ते समुद्राचे. मात्र आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यातही क्लोराइड असते, त्यामुळे थोडा साका त्यातही येतो. म्हणून दोन्ही मूळ पाण्यांचे नमुने शेजारी ठेवून तुलना करावी. चव मात्र घेऊ नये, कारण थंड करणाऱ्या पाण्यात विषारी ग्लायकॉल असू शकते. उजनीत ही कसोटी फारशी उपयोगाची नाही, कारण तिथे दोन्हीकडे गोडेच पाणी.

तिसरी कसोटी हवेची. पिस्टन सर्वांत वर, दोन्ही झडपा बंद आणि फ्लायव्हील पक्के अडवलेले, अशा स्थितीत नोझलच्या भोकातून दाबाची हवा सोडतात. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड दोषी. धुराच्या नळीत फुसफुस ऐकू आली तर धुराची झडप नीट बसत नाही. काहीच सापडले नाही, तर इंजिन बहुधा धडधाकट आहे. पाणी नळीतून उलटे आले असावे. अशा वेळी हेड उघडण्याचा खर्च व्यर्थ जातो आणि खरे कारण तसेच राहून पुढच्या फेरीला तोच प्रसंग पुन्हा ओढवतो.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. बादलीतून नळीने पाणी खाली वाहू द्या आणि नळीच्या सर्वांत उंच भागी टाचणीने चांगले भोक पाडा. हवा आत शिरते आणि धार तुटते. बोटीतही पाण्याच्या नळीच्या उंच टोकावर हवा आत घेणारी छोटी झडप असते. ती मिठाने बुजली की थांबलेल्या इंजिनात पाणी शिरू लागते.

विद्यार्थ्यांना यातून एक सवय लावता येईल. कोणतेही लक्षण दिसले की विचारायचे : हे लक्षण कोणत्या दोन शक्यतांमध्ये फरक करते? वाफ फरक करत नाही. कोणता सिलिंडर, कोणते पाणी आणि बुडबुडे कोठे, या गोष्टी करतात.