मेलेली मासळी आणि बाजाराचा हिशेब

नांदेड शहराजवळची गोदावरी उन्हाळ्यात नदी राहत नाही, तलाव होऊन जाते. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात आणि शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः तेथूनच येते. दरवाजे बंद झाले की खाली नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट या पट्ट्यात ताजे पाणी येणे जवळजवळ थांबते. नाल्यांचे सांडपाणी मात्र बारा महिने येतच राहते. या पात्रात मेलेल्या मासळीचा थर तरंगत असल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा आल्या. लोक नाकाला रुमाल लावून पाहून गेले. आम्ही कापडाचे व्यापारी. मासळीच्या धंद्याशी आमचा थेट संबंध नाही. पण ज्यांची रोजी त्या पाण्यावर चालते ते आमचे गिऱ्हाईक आहेत, म्हणून दोन शब्द लिहीत आहोत.

मासळी मेली की पहिली आवई उठते ती विष टाकल्याची. असेही घडते, नाही असे नाही. परंतु बहुतेक वेळा कारण साधे असते: पाण्यातला प्राणवायू संपतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात सांडपाणी मिसळले की घाण कुजवणारे जंतू तो खाऊन टाकतात. सांडपाण्याच्या खतावर हिरवे शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच घेते. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. आभाळ दोन-तीन दिवस भरून आले, किंवा पहिल्या पावसाने नाल्यांतला साचलेला गाळ एकदम पात्रात ढकलला, तर एका रात्रीत सगळा कारभार आटोपतो. मुंबईच्या बाणगंगेत पितृपक्षातल्या निर्माल्य आणि पिंडांनंतर मासे मरतात, त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे.

कटला, रोहू, मृगळ या जातींना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. मरळ आणि मागूर वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात, त्या तग धरतात. नेमके विकाऊ मासे आधी जातात.

आता पैशाची बाजू पाहू. मच्छीमार सहकारी संस्था जलाशय ठेक्याने घेते, बोटुकली विकत आणून सोडते आणि मासा किलोभराचा होण्याची वाट पाहते. यात आठ-दहा महिने, कधी वर्षही जाते. तोवर पैसा पाण्यात अडकलेला असतो. आमच्या धंद्यातही माल आधी भरावा लागतो आणि वसुली मागाहून होते. पण आमचा कपाटातला तागा एका रात्रीत मरत नाही. भोई समाजातील कुटुंबे लग्नाचे कापड उधारीवर नेतात आणि मासळी निघाली की फेडतात. त्यांची नियत आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. ज्या वर्षी मासळी जाते त्या वर्षी वहीतले ते पान तसेच राहते, आणि तगादा लावण्यात अर्थ नसतो.

दुसरा घाव बाजाराचा. मेलेल्या माशांचे चित्र वर्तमानपत्रात आले की गिऱ्हाईक चांगल्या मासळीलाही हात लावत नाही. मग आंध्रातून बर्फात भरून आलेला तळ्यांतला मासा ती जागा घेतो. एकदा सवय बदलली की गिऱ्हाईक परत येणे कठीण; हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

गिऱ्हाइकाची धास्ती अगदीच खोटी नाही. तरंगणारी मासळी गोळा करून विकण्याचा मोह कोणाला तरी होतोच. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे असावे, एवढे पाहूनच घ्यावे. शिवाय हनफी मसलकात आपोआप मरून उलटी तरंगणारी मासळी खाण्यास मनाई आहे. तपशील उलेमांना विचारावा.

लातूरची कथा उलटी. तेथे घाण पाण्याआधी पाणीच नसण्याचा प्रश्न आला. शहराची तहान धनेगावच्या मांजरा धरणावर भागते. ते आटले तेव्हा मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर. माणसाला रेल्वेने पाणी आणावे लागले तेथे माशांची चौकशी कोण करणार? धरण आटताना उरलेले पाणी उथळ होते, लवकर तापते, आणि मासे त्यात कोंडले जातात. त्या दिवसांत मासळी पडेल भावाने काढून विकावी लागते.

एक व्यवहाराची गोष्ट संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावी. मासे पहाटे मरतात आणि पंचनामा दुपारी होतो. तोवर उन्हात शेवाळाने पुन्हा प्राणवायू सोडलेला असतो, आणि अहवालात पाणी चांगले निघते! नमुना पहाटेच, मासे मेले तेथूनच घेतला पाहिजे, आणि प्राणवायूची तपासणी जागेवर करावी किंवा नमुन्यात तेथेच औषध घालून तो बंद करावा. साधी बाटली भरून नेली तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदलतो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याप्रमाणे सवलती मिळाव्यात हा त्याचा हेतू. परंतु भरपाई असो की विमा, तेथे कागद मागतात. बोटुकली किती आणली, कोठून आणली, कधी सोडली, गेल्या हंगामात किती मासळी तोलली, या सगळ्याच्या पावत्या लागतात. आमच्या ओळखीच्या बहुतेक मच्छीमारांचा व्यवहार अजून तोंडी चालतो. जीएसटी आल्यापासून आम्हा कापडवाल्यांना बिले सांभाळणे भाग पडले, सुरुवातीला फार जड गेले. संस्थेच्या सचिवाने एक वही घालून दरवेळी बोटुकली सोडताना दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तरी पुढच्या पंचनाम्याला हातात काहीतरी असेल.