आमदार ते राष्ट्रपती : प्रतिभाताईंची वाट आणि आपलं मत

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली, वसुली झाली, वही बंद केली आणि एका ताईंनी विषय काढला. त्या पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होत्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव होता म्हणून उभ्या राहिल्या होत्या. आता आरक्षण बदललं, वॉर्ड खुला झाला. त्यांचा प्रश्न साधा होता : "आता घरी बसायचं, की पंचायत समितीला उभं राहायचं?" त्यावर दुसरी म्हणाली, "वरच्या जागा आपल्या नसतात बाई. प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा तुला कुणी मत विचारलं होतं का?"

या दुसरीच्या बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं अर्धवट. म्हणून आज प्रतिभाताई पाटील यांच्याबद्दल बोलते.

जळगाव जिल्ह्यातलं नाडगाव हे त्यांचं गाव. जन्म 1934 चा. एम.ए. झाल्या, कायदा शिकल्या आणि जळगावात वकिली करू लागल्या. 1962 मध्ये जळगावातून आमदार झाल्या तेव्हा वय होतं 27. त्या वेळी विधानसभेत बायकांना राखीव जागा नव्हत्या, आणि त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. लग्न 1965 मध्ये झालं, सासर अमरावतीचं. म्हणजे "नवऱ्याच्या नावावर निवडून आल्या" हे निदान त्यांच्याबद्दल तरी म्हणता येत नाही. पक्षाचं पाठबळ होतं, ते मात्र कबूल करायला हवं. काँग्रेसचा तो काळच तसा होता.

1967 पासून त्या एदलाबादमधून उभ्या राहिल्या. आज आपण त्याला मुक्ताईनगर म्हणतो. तिथून चार वेळा निवडून आल्या. एकूण 23 वर्षं आमदारकी! उपमंत्री झाल्या, मग मंत्री झाल्या. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती सांभाळली. 1979 मध्ये पक्ष सत्तेबाहेर असताना विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. 1980 मध्ये पक्षाची सत्ता परत आली, पण मुख्यमंत्रिपद ए. आर. अंतुले यांना मिळालं. महाराष्ट्रात आजवर एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या बाईलाही मधली ही पायरी मिळाली नाही.

पुढचा प्रवास असा : 1985 मध्ये राज्यसभा, तिथे काही काळ उपसभापती. 1991 मध्ये अमरावतीतून लोकसभा. 2004 मध्ये राजस्थानच्या राज्यपाल, त्या पदावरच्या पहिल्या महिला. आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

यात कुठल्या पायरीवर आपण असतो, ते बघा. विधानसभा आणि लोकसभा, इथे आपण थेट बटण दाबतो. राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदार निवडतात. राज्यपाल निवडणुकीने होत नाही, त्यांची नेमणूक होते. आणि राष्ट्रपतींना निवडतात ते निवडून आलेले आमदार आणि खासदार. त्या मतदानात प्रत्येक मताचं वजन सारखं नसतं. राज्याची 1971 ची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची, परत हजाराने भागायची. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या 5 कोटी 4 लाखांच्या वर, आमदार 288. उत्तर येतं 175. म्हणजे आपल्या प्रत्येक आमदाराचं मत 175 मोलाचं. उत्तर प्रदेशात हाच आकडा 208 आहे, सिक्कीममध्ये अवघा 7.

2007 मध्ये समोर उमेदवार होते तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत. प्रतिभाताईंना 6,38,116 मूल्याची मतं पडली, शेखावतांना 3,31,306. या निवडणुकीत पक्षाचा व्हिप नसतो, मतदान गुप्त असतं. शिवसेना तेव्हा शेखावतांच्या बाजूच्या आघाडीत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला.

आता एक गोष्ट. आपण बचत गटवाल्या बायका, ती वगळून पुढे जाणं मला जमणार नाही. प्रतिभाताईंच्या पुढाकाराने जळगावात महिलांची सहकारी बँक सुरू झाली होती. ती अडचणीत आली आणि 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. नातेवाइकांना कर्जात सवलती दिल्याचे आरोप झाले आणि 2007 च्या निवडणुकीत ते विरोधकांनी जोरात मांडले. त्याने निकाल बदलला नाही. पण वर जाणाऱ्या माणसाची जुनी वही कधीही उघडली जाते, हे त्यावरून दिसलं. आपल्या त्या ताईंच्या पाच वर्षांच्या कामाचीही वही आहेच : नळाची पाइपलाइन, अंगणवाडीची खोली, ग्रामसभेचे ठराव. ती कुणी मागितली तर काढून दाखवता येईल का, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पाइपलाइनचं बिल घरी आहे, ठरावांची नक्कल काढावी लागेल.

आरक्षणाचंही सांगितलं. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा महिलांच्या. विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 मध्ये झाला, पण तो लागू होणं जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला जोडलेलं आहे. आणि वॉर्ड खुला झाला म्हणजे बाईला बंद झाला असं नाही. खुल्या जागेवर बाईलाही अर्ज भरता येतो. बैठकीत हे निम्म्या जणींना माहीत नव्हतं.

मग "आपलं मत कुणी विचारलं?" म्हणणाऱ्या ताईंनीच बोटं मोजली. हजार माणसांमागे एक मूल्य. आपलं गाव त्या वेळी साधारण हजार-बाराशेचं होतं, असं त्यांच्या सासूबाई सांगतात. "म्हणजे आपल्या अख्ख्या गावाचं एक मत होतं तिथे," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "ठरावांची नक्कल कधी आणायला जायचं? मी येते सोबत."