लेखांक ९ : पत्त्यात शिरलेली वाट

सेंडमेल या टपाल-प्रोग्रामच्या नियमांकडे या आठवड्यात वळायचं होतं, ते पुढच्या खेपेवर टाकतो. एका वाचकाचा प्रश्न आला आहे : एकमेकांना फोन लावून पत्रं पोचवणाऱ्या यूयूसीपीच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला नाव होतंच, मग पत्र धाडणाऱ्याने वाटेतल्या यंत्रांची नावंही का लिहायची? याचा उलगडा झाल्याशिवाय सेंडमेलचे नियम नुसते पाठ करावे लागतील.

त्या नावाला शेजाऱ्यांपलीकडे वजनच नव्हतं. आपलं यंत्र ज्यांना फोन लावतं त्यांचीच नावं, नंबर आणि लॉगिनचा तपशील 'एल.सिस' या फाइलीत असे. नावांची नोंद ठेवणारं सर्वमान्य ठिकाण नव्हतं, त्यामुळे दूरच्या दोन संस्थांनी एकच नाव घेतलं तरी अडवणार कोण? म्हणून 'सिस्मो!एमसीव्हॅक्स!' अशी साखळी लिहायची : पत्र आधी व्हर्जिनियातल्या भूकंप-अभ्यास केंद्राच्या यंत्राकडे, तिथून ॲमस्टरडॅमला. हीच टपालपेटी दुसऱ्या गावाहून गाठायची तर साखळी बदलणार. म्हणजे पत्ता पाठवणारा कुठे बसला आहे यावर ठरायचा, आणि माझ्या मते या जाळ्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथेच आहे.

स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनीमन यांच्या 'पाथएलियस'ने वाट शोधण्याचं काम माणसाकडून काढून घेतलं. कोण कोणाला किती वेळा फोन लावतं याचे नकाशे संस्था कळवत आणि हा प्रोग्राम सर्वांत स्वस्त वाट काढून देई. त्यातले खर्चाचे आकडे मला फार आवडतात. तासातासाला जोडणी असेल तर 500, दिवसातून एकदा असेल तर 5000. निव्वळ थांबण्याचा वेळ मोजला असता तर हे प्रमाण 24 पट यायला हवं होतं. त्यांनी ते 10 पटच ठेवलं. कारण प्रत्येक टप्प्याचा स्वतःचा भार असतो. 24 पट धरलं असतं, तर एक संथ जोडणी टाळण्यासाठी पत्र वीसेक यंत्रांतून फिरलं असतं, आणि मधलं एखादं बंद पडलं की तिथेच अडकलं असतं.

यावर आक्षेप असा, की वाट पाठवणाऱ्याच्या हाती असणं चांगलंच. बिघडलेलं यंत्र त्याला वगळता येतं. ओळखीच्या दहा-बारा यंत्रांपुरतं हे मला मान्य आहे. पण जाळं वाढल्यावर त्याची माहिती शिळी होत जाते. काही केंद्रं तर लिहिलेली साखळी बाजूला सारून स्वतःच्या नकाशाने पत्र वळवत, आणि मग ते भलत्याच नामबंधूकडे जाई. पाथएलियसमध्ये अशा नावांना 'प्रायव्हेट' म्हणून जाहीर करण्याची सोय होती, पण ती मलमपट्टीच. यंत्राने वाट शोधायची तर नाव आधी एकमेव हवं, ही अट कुठलाही नकाशा पुरी करू शकत नाही.

ती पॉल मोकापेट्रिस यांच्या 1983च्या डोमेन-रचनेने पुरी केली. 1986 साली एमएक्स नोंदींचे नियम ठरले आणि फक्त फोनवर जोडलेल्या यंत्रालाही डोमेनचं नाव घेता आलं. त्याचं टपाल कोणाकडे सोपवायचं, हे ती नोंद सांगे. मुंबईत एनसीएसटीचं 'शक्ती' हे यंत्र आधी 'यूयूनेट!शक्ती!' अशा साखळीतून गाठत. पुढे ते 'शक्ती.एनसीएसटी.अर्नेट.इन' झालं. या नावात यूयूनेट कुठेच नाही. मधला दुवा बदलला तरी पाठवणाऱ्याला पत्ता बदलावा लागत नाही.