तोल चाकावरचा आणि रस्त्यावरचा

सायकल येते का, असं विचारलं तर बहुतेक जण चटकन 'हो' म्हणतात. ती शिकवली कुणी, असं विचारलं की मात्र जरा आठवावं लागतं. कुणी थोरल्या भावाचं नाव घेतो, कुणी मोहल्ल्यातल्या सवंगड्याचं. तासावर भाड्यानं आणलेली सायकल, दांडीखालून पाय घालून मारलेलं हाफ पायडल, फुटलेले गुडघे आणि मागून कॅरिअर धरून धावणारं कुणीतरी, एवढीच आपल्याकडची सायकलची शाळा. या शाळेत तोल शिकवला जातो. रस्ता शिकवला जात नाही.

एके काळी तेवढ्यावर भागलं. रस्त्यावर मोटारी थोड्या आणि सायकली पुष्कळ होत्या. नगरपालिकेचा बिल्ला असे, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत. आज सायकलला परवाना लागत नाही, आणि ते बरंच आहे. गरिबाचं वाहन कागदात अडकू नये. पण परवाना नको म्हणजे शिक्षणही नको, असं आपण धरून चाललो. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं अपघातात दगावली. त्यांत मोटारीत बसलेले होते, तसे पायी चालणारे आणि सायकलवरचेही होते. सायकलवरच्या माणसाभोवती पत्र्याचं कवच नसतं. त्याचं कवच म्हणजे त्याची समज आणि दुसऱ्याची समज.

ही समज वर्गात शिकवता येते. ब्रिटनमध्ये १९५८ साली शाळकरी मुलांसाठी सायकल-प्रावीण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २००७ साली इंग्लंडमध्ये तिची जागा 'बाइकेबिलिटी' या नव्या अभ्यासक्रमानं घेतली. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली मैदानात : सायकल तपासणं, निघणं, थांबणं, वळणं. दुसरी कमी वर्दळीच्या खऱ्या रस्त्यावर. तिसरी गजबजलेल्या रस्त्यांवर आणि अवघड चौकांत. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची वाहतुकीची परीक्षा होते. लेखी असते, तशी सायकलवरचीही. मुलं अंगावर नंबर लावून ठरलेल्या मार्गानं गावातून जातात आणि ठिकठिकाणी उभे असलेले परीक्षक ती कशी वळतात, कुठे थांबतात, हे टिपून घेतात.

अशा वर्गात नेमकं शिकवतात काय? अगदी साध्या गोष्टी. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि साखळी पाहायची. दोन्ही ब्रेक एकदम, पण दमानं दाबायचे. हेल्मेट कपाळ झाकेल असं, भुवयांच्या दोन बोटं वर बसवायचं, डोक्यामागे सरकवायचं नाही. सगळ्यांत महत्त्वाचा धडा म्हणजे हँडल न हलवता मागे पाहणं. नवशिक्या उजवीकडे मान वळवतो तेव्हा सायकलही उजवीकडे जाते, आणि घात तिथेच होतो. म्हणून आधी मैदानात आखलेल्या रेघेवरून चालवत मागे पाहायचा सराव करायचा. मग रस्त्यावर : आधी मागे पाहा, मग हात दाखवा, मगच वळा. उभ्या मोटारींना खेटून जाऊ नका, दार कधीही उघडेल. विरुद्ध बाजूनं कधीच येऊ नका, कारण गल्लीतून बाहेर पडणारा त्या दिशेला पाहतच नाही.

मोठ्यांचा वर्ग वेगळा. लहानपणी सायकल हाती न आलेल्या कितीतरी बायका चाळिशीत शिकायला धजतात. पडण्यापेक्षा लोक हसतील, याचीच त्यांना धास्ती जास्त असते. त्यांच्यासाठी एक सोपी रीत आहे. दोन्ही पायडलं काढून ठेवायची, सीट इतकी खाली करायची की तळपाय जमिनीला टेकतील, आणि पायांनी ढकलत पुढे जायचं. हळूहळू पाय उचलून धरता येतात, तोल साधतो, मग पायडलं पुन्हा बसवायची. मागून धरून धावणारं कुणी लागत नाही.

पण सायकलवाल्याला कितीही शिकवलं तरी अर्धा धडा उरतोच. तो आहे मोटार चालवणाऱ्याचा. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढं अंतर सरतं. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २०२२ साली काही सुधारणा झाल्या. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व तीत आलं. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडा, असंही तीत सांगितलं आहे. दार लांबच्या हातानं उघडा, ही सूचनाही आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यानं डाव्या हातानं दार उघडलं तर अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. एक पैसाही न लागता एखाद्याचा जीव वाचवणारी ही सवय आहे. तसंच ट्रकचं. डावीकडे वळणाऱ्या ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि डाव्या अंगाची सायकल चालकाला अनेकदा दिसत नाही. हे ट्रकचालकाला जसं ठाऊक हवं, तसंच सायकलवरच्या पोरालाही.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. वाडीपासून शाळेपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरांत त्या मुलीचं पुढचं आयुष्य असतं. एखादा ट्रक तिला घासून गेला आणि घरच्यांच्या मनात भीती बसली, तर आधी सायकल बंद होते आणि मग शाळा. म्हणून सायकल हाती देताना दोन दिवसांचा रस्त्याचा वर्गही शाळेच्या मैदानात भरावा. शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत, गावात एखादा जाणता सायकल दुरुस्त करणारा असतो, फक्कीनं आखलेल्या चार रेघा पुरतात. आणि त्याच आठवड्यात गावातल्या जीपवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना एका संध्याकाळी बोलवावं. या रस्त्यानं कोण कोण मुली जाणार आहेत, ते त्यांनीही पाहून ठेवावं.