सायन राशिचक्र आणि दक्षिण गोलार्ध

सायन राशिचक्र हे वसंतसंपातापासून मोजले जाणारे राशिचक्र असून पाश्चात्त्य फलज्योतिष त्यावर आधारलेले आहे. त्यातील मेष रास २०-२१ मार्चच्या सुमारास सुरू होते. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील टॉलेमीने राशींची सांगड उत्तर गोलार्धातील ऋतूंशी घातली.

सूर्याची रास एका क्षणी पृथ्वीवर सर्वत्र एकच असते. ऋतू मात्र दक्षिण गोलार्धात उलट असतात. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा सुमारे १८.५° उत्तर अक्षांशावर आहेत, तर कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात तो मॉरिशस सुमारे २०° दक्षिण अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास सायन कर्कसंक्रमण होते, तेव्हा पेण-रोह्यात पावसाळा, तर मॉरिशसमध्ये हिवाळा असतो. त्यामुळे ऋतूंवरून सांगितलेले राशिगुण दक्षिणेत लागू पडण्यास आधार उरत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले निरयन राशिचक्र वापरतात. त्या गणनेस ही अडचण येत नाही.

गणना अचूक असली तरी फलिते सिद्ध होत नाहीत. २००८ साली जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी कुंडलीवरून मुले हुशार की मतिमंद हे सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीने सुमारे ५० टक्के आली असती.