पेटी आपली, पाटी कोणाची?

आमचे घर रत्नागिरी तालुक्यातले. घरची हापूसची कलमे चाळीस-पन्नास. माझ्या लहानपणी आंबा उतरला की पेंढा घालून पेट्या भरायच्या, खिळे ठोकायचे आणि ट्रकने वाशीच्या बाजारात पाठवून द्यायच्या, असा शिरस्ता होता. मागाहून दलालाची पट्टी येई. भाडे, हमाली वजा जाता उरेल ते आपले. दर ठरवणारा दुसरा, आंबा खाणारा तिसरा आणि पिकवणाऱ्याला दोघांचेही तोंड दिसत नसे. “आंबा आपला, पण नाव आपलं कोणी घेत नाही,” हे काकांचे खरे दुखणे होते. म्हणून २०१९ साली त्यांनी एकाकडून संकेतस्थळ करून घेतले, तेव्हा घरात सणासारखा आनंद झाला.

ते संकेतस्थळ आज नाही. ते कसे गेले, हे शोधताना मला जे उमगले ते येथे मांडत आहे. कला महाविद्यालयाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देतो.

प्रथम, संकेतस्थळ म्हणजे काय ते पाहू. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही कल्पना मांडली. १९९१ साली पहिले संकेतस्थळ जगापुढे आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले. एवढी मोठी व्यवस्था, पण लहान दुकानदाराच्या दृष्टीने तिची अंगे तीनच. एक, नाव, म्हणजे डोमेन. दुसरे, जागा, म्हणजे ज्या संगणकावर पाने ठेवायची तो सर्व्हर. तिसरे, त्या पानांवरचा मजकूर आणि चित्रे.

यांतले नाव हे सर्वांत महत्त्वाचे आणि आम्ही चुकलो ते तेथेच. नाव कोणी कायमचे विकत घेत नसतो. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवायचे आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून नोंदणी पुढे चालू ठेवायची असते. नोंदणी ज्याच्या नावावर, नाव त्याचे. आमचे संकेतस्थळ करणाऱ्या गृहस्थाने ती स्वतःच्या नावावर केली होती. आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. पुढे त्याने धंदा बंद केला, फोन लागेना आणि मुदत टळून गेली. ऐन एप्रिलमध्ये संकेतस्थळ बंद पडले. पेट्यांवर छापलेला पत्ता तसाच घरोघर जात होता, आणि काही महिन्यांनी तो उघडला तर भलत्याच कोणाचे पान दिसू लागले. काका एवढेच म्हणाले, “अरे, कलमं आपली, घाम आपला आणि सातबारा त्याच्या नावावर?” याहून सोप्या शब्दांत हा विषय मला कोणी समजावला नाही. डोमेन म्हणजे सातबारा. तो मालकाच्या नावावर, मालकाच्या ई-मेलवर असला पाहिजे आणि त्याचा पासवर्ड मालकाच्या कपाटात असला पाहिजे.

“मग स्वतःची जागा हवी कशाला? फुकटच्या जागा थोड्या का आहेत?” असे पुष्कळजण म्हणतात. फुकटची जागा वापरावी, पण तिच्यावर घर बांधू नये. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, पण तेथे ज्यांनी गिऱ्हाईक जमवले होते त्यांचे दुकान एका रात्रीत उठले. गूगल लहान धंद्यांना आपल्या नोंदीतून फुकट संकेतस्थळ करून देत असे. तेही मार्च २०२४ मध्ये त्याने बंद केले. दोन्ही वेळा दुकानदाराचा दोष काहीच नव्हता. जागा दुसऱ्याची होती, इतकेच.

आता रचनेविषयी. देखणेपणा म्हणजे चांगले संकेतस्थळ, अशी आपली समजूत असते. आमच्या जुन्या पानावर उडणारी फुलपाखरे होती, पण पेटीचा दर एका चित्रात रंगवलेला होता. गिऱ्हाईक शोधते ते शब्दांनी. “चार डझन हापूस पेटी पुणे घरपोच” असे काहीतरी लिहून. शोधयंत्र मुख्यतः पानावरचा मजकूर वाचते. चित्रात कोंडलेल्या अक्षरांवर त्याने भिस्त ठेवावी, अशी अपेक्षा करू नये. म्हणून दर, डझन, फळाचे वजन, पोचवण्याचे दिवस, फळात साका निघाला तर काय करणार, हे सारे साध्या मजकुरात हवे. दुसरी गोष्ट छायाचित्रांच्या भाराची. मोबाईलने काढलेले चित्र चार-पाच मेगाबाइटचे असते. तेच लहान करून दोनशे किलोबाइटच्या आत बसते आणि पाहणाऱ्याला फरक जाणवतही नाही. आमच्यासारख्या रेंज जेमतेम असलेल्या गावात तर हा फरक पान उघडणे आणि न उघडणे यांतला आहे.

जाहिरातीचे गणित त्याहून सोपे, पण ते कोणी मांडत नाही. शोधयंत्रावरच्या जाहिरातीत सामान्यतः टिचकीमागे पैसे जातात. समजा, एका टिचकीला ८ रुपये पडले आणि ५० टिचक्यांतून एकाने पेटी घेतली, तर त्या गिऱ्हाइकाची किंमत झाली ४०० रुपये. पेटीमागे सुटतात ३०० रुपये, तर प्रत्येक विक्रीत १०० रुपयांची खोट! मात्र तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी जाहिरातीवाचून परत आले, तर हिशेब उलटतो. तात्पर्य, नवे गिऱ्हाईक मिळवण्याइतकेच जुने टिकवणे महत्त्वाचे. त्यासाठी नाव, गाव, फोन यांची आपली वही हवी, आणि संदेश पाठवण्यापूर्वी त्यांची संमती हवी.

राहता राहिला विश्वास. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी दूरच्या गिऱ्हाइकाला शंका असतेच, की हा आंबा कोकणातला कशावरून? त्याला उत्तर देतात ते बागेचा पत्ता, मानांकनाखालची आपली नोंदणी, मोहोरापासून उतरणीपर्यंतची खरी छायाचित्रे आणि सरळ भाषा. “जगातील सर्वोत्कृष्ट” या शब्दांनी कोणाचे समाधान होत नाही.

येथेच आपण कला शाखेचे विद्यार्थी येतो. यंत्र जोडणारे पुष्कळ आहेत, पण बागेची गोष्ट शुद्ध, थोडक्यात आणि खरी लिहून देणारा गावात मिळत नाही. गेल्या वर्षी आम्ही नवे नाव घेतले, काकांच्याच नावावर. मजकूर मी लिहिला. “आंबा आढीत किती दिवस ठेवावा?” एवढ्या एका परिच्छेदावर पुण्याच्या एका आजींचा फोन आला. त्यांनी आधी माझी एक चूक दाखवली, मग दोन पेट्या मागितल्या. काकांनी पहिल्यांदा आपल्या आंब्याचे गिऱ्हाईक बोलताना ऐकले. नंतर कितीतरी वेळ ते फोन हातात धरून ओटीवर बसून होते.

सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या आळीतल्या दुकानदाराला, मावशीच्या पापडाच्या उद्योगाला एकच प्रश्न विचारा : “पाटी कोणाच्या नावावर आहे?” उत्तर आले नाही, तर कामाला तेथूनच सुरुवात करा.